लाल फुलीचा आठवडा

आमच्या दारावर 'मंगलमूर्ती' अशी पितळी अक्षरांची पाटी आहे. कोल्हापुरातून साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेली, पण इकडच्या शेजाऱ्यांना वाचता यावी म्हणून मुद्दाम रोमन लिपीत घडवून घेतलेली. २०२४च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी बायको कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेली आणि डबा हातात घेऊनच परत आली.

"आपल्या दारावर कुणीतरी फुल्या मारून ठेवल्यात."

जाऊन बघतो तर पाटीवरच्या दोन अक्षरांवर लाल चिकटपट्टीच्या टपोऱ्या फुल्या. पहिल्या 'एम'वर एक, मधल्या 'एम'वर एक. 'अंगल' आणि 'ऊर्ती' तेवढे शाबूत. बायकोला वाटलं, झालं, आता गाशा गुंडाळायचा. मला मात्र सगळा उलगडा झाला आणि, खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला. एकोणीस वर्षांनी का होईना, शेजारच्या आजोबांनी आम्हाला आपल्यातलं मानलं होतं.

आम्ही राहतो ते कोलंबस हे ओहायो स्टेट विद्यापीठाचं गाव. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ओहायो स्टेट आणि मिशिगन यांची अमेरिकन फुटबॉलची लढत असते. पहिली झाली १८९७ साली. तिला इथं नुसतं 'द गेम' म्हणतात, जसं आमच्या गावात 'रंकाळा' म्हटल्यावर पुढं 'तलाव' म्हणायची गरज नसते. या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचे सगळे 'एम' लाल फुलीखाली जातात, कारण मिशिगन 'एम'नं सुरू होतं. मेडिसिन, म्यूझिक, मॅथेमॅटिक्स, सगळ्यांची मुंडकी उडतात. आजोबांनी त्या यादीत गणपती घातला, त्यात त्यांचा धार्मिक हेतू काहीही नव्हता.

आजोबांच्या तोंडून मी आजवर 'मिशिगन' हा शब्द ऐकलेला नाही. ते 'ती वरची टीम' म्हणतात. माझ्या आजीनं साठ वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. हे आजोबा मिशिगनचं नाव उखाण्यातही घेणार नाहीत. ही रीत घालून दिली वूडी हेझ या कोचनं. १९५१ ते १९७८ इतकी वर्षं ते ओहायो स्टेटचे कोच होते. १९६८ साली मिशिगनला पन्नास-चौदा असं लोळवताना, सामना कधीचाच खिशात असूनही, शेवटच्या टचडाऊननंतर त्यांनी एका गुणाऐवजी दोन गुणांसाठी चाल करायला लावली. ती फसली. पण दोनच का, असं विचारल्यावर "तीन घेता येत नाहीत म्हणून" असं ते म्हणाले, असा किस्सा आजोबा दरवर्षी सांगतात. दरवर्षी डोळ्यांत पाणी येतं. आजोबांच्या.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. शिवाजी पेठेच्या संघाशी फुटबॉलचा सामना असला की शाहू स्टेडियमवर माणूस मावत नसे. चुलतमामा पलीकडच्या पेठेत राहतो म्हणून आमच्या घरी त्याला हंगामभर चहा मिळत नसे. त्यामुळं अमेरिकेत आल्यावर बाकी काही कळो न कळो, ही भानगड मला पहिल्याच वर्षी कळली. २००६ साली ओहायो स्टेट पहिल्या नंबरवर, मिशिगन दुसऱ्या नंबरवर, आणि आपण बेचाळीस-एकोणचाळीस असे जिंकलो. 'आपण' म्हणालो बघा. खेळाचे नियम मला तेव्हा एक-चतुर्थांश कळत होते, पण 'आपण' म्हणायला नियम कुठं लागतात? शिवाय ओहायो स्टेटचे रंग तांबडा आणि राखाडी. म्हणजे एक तांबडा रस्सा आणि दुसरा फ्रिजमध्ये चार दिवस राहिलेला पांढरा रस्सा. कोल्हापुरी माणसाला यापेक्षा अधिक काय खूण पटायची?

तर आता या आठवड्यातल्या भाकितांबद्दल सांगतो.

आमच्या ऑफिसात दरवर्षी या आठवड्यात पैज लागते. माणशी पाच डॉलर. शुक्रवार-शनिवारच्या दहा हाडवैराच्या लढती निवडायच्या आणि प्रत्येकीत कोण जिंकणार ते लिहायचं. पण नुसतं लिहून भागत नाही. एक ते दहा असे खात्रीचे गुण द्यायचे. ज्या निकालाबद्दल शंभर टक्के खात्री त्याला दहा, जिथं नुसताच अंधारात दगड तिथं एक. अंदाज बरोबर आला तर ते गुण तुमचे. दहाही बरोबर आले तर पंचावन्न. जिंकणाऱ्याला पैसे मिळतात आणि पँट्रीतला कान तुटलेला कॉफीचा जग वर्षभर टेबलावर मिरवायला मिळतो.

जगाला हसू नका. या लढतींची खरी बक्षिसं बघा. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन एका कुऱ्हाडीसाठी झुंजतात. इंडियाना आणि पर्ड्यू १९२५पासून लाकडी बादलीसाठी लढताहेत. मिसिसिपीतली दोन विद्यापीठं सोन्याच्या अंड्यासाठी जीव टाकतात. आमच्याकडं निदान पैलवानाला चांदीची गदा तरी देतात, खांद्यावर टाकून फोटो काढता येतो. बादली खांद्यावर टाकली तर माणूस पाणी भरायला निघाल्यासारखा दिसतो. पण त्या बादलीसाठी धाय मोकलून रडणारे सहा फुटी गडी मी टीव्हीवर पाहिले आहेत.

तक्ता भरायला मला चार रात्री लागल्या. आयकर विवरणपत्राला मी एक संध्याकाळ देतो.

माझी पद्धत शास्त्रीय आहे. आधी सगळी आकडेवारी वाचायची, जखमी खेळाडूंची यादी बघायची, हवामान बघायचं, आणि मग ते सगळं बाजूला ठेवून मनात येईल ते लिहायचं. साऊथ कॅरोलायना विरुद्ध क्लेमसन यात मी साऊथ कॅरोलायना लिहिलं, कारण त्यांचं चिन्ह झुंजीचा कोंबडा आहे. मिनेसोटा लिहिलं ते दारावरच्या 'एम'वर झालेला अन्याय बघून आलेल्या दयेपोटी. मिसिसिपीच्या अंड्याच्या लढतीत तर आकडेवारीवर माझा २०१९पासूनच विश्वास उरलेला नाही. त्या वर्षी त्या दोहोंतल्या ओल मिसच्या एका पठ्ठ्यानं अगदी शेवटी शेवटी टचडाऊन केला आणि आनंदाच्या भरात मैदानावर हातापायांवर उभा राहून, कुत्रं खांबाशी करतं तसा, एक तंगडी वर करायचा अभिनय केला. पंधरा यार्डांचा दंड झाला. त्यामुळं बरोबरीचा एक गुण घ्यायची किक लांबून मारावी लागली, ती हुकली, आणि एकवीस-वीस असा सामना गेला. मागोमाग कोचचीही नोकरी गेली. आता सांगा, कुठल्या आकडेवारीत ती तंगडी धरायची?

अलाबामा आणि ऑबर्नच्या बाबतीत माझं मन आणखी हळवं आहे. २०१३ साली त्या लढतीत अठ्ठावीस-अठ्ठावीस अशी बरोबरी होती आणि घड्याळात एक सेकंद उरला होता. एका सेकंदात काय होणार, म्हणून मी टीव्ही बंद करून बायकोनं तीनदा सांगितलेलं दही आणायला निघालो. अलाबामानं सत्तावन्न यार्डांवरून किक मारली, ती कमी पडली, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसनं गोलखांबांखालीच चेंडू झेलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाऊन सामना जिंकला. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत गाजलेला सेकंद असावा. मी त्या वेळी दह्याच्या डब्यावरची तारीख वाचत होतो. तेव्हापासून घरात दही संपलं की बायको नुसतं "एक सेकंद" म्हणते.

त्या भागातल्या लोकांची तऱ्हाच वेगळी. ऑबर्नवाले जिंकले की गावातल्या चौकातल्या ओकच्या झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकतात. २०१०ची लढत अलाबामा हरल्यावर त्यांच्या एका चाहत्यानं त्या जुन्या झाडांना विष घातलं, आणि एवढ्यावर न थांबता रेडिओवरच्या कार्यक्रमात स्वतःच फोन करून ते सांगितलं. पकडला गेला, तुरुंगात गेला. आमच्या पेठेतही एकापेक्षा एक नग होते, पण केलेलं पाप आकाशवाणीवरून सांगण्याइतकी निष्ठा मी तिथंही पाहिली नाही.

असो. अलाबामाला सहा, टेक्सासला सात, इंडियानाला आठ, जॉर्जियाला नऊ. दहा कुणाला हा प्रश्नच नव्हता. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या नंबरवर होती. मिशिगनचे अकरापैकी पाच सामने हरून झाले होते. पैजा घेणारे जाणकार ओहायो स्टेट वीसेक गुणांनी जिंकेल म्हणत होते. सामना आपल्याच घरच्या मैदानावर, लाखाहून अधिक माणसांसमोर. आधीची तीन वर्षं आपण ओळीनं मिशिगनकडून हरलो होतो खरे, पण म्हणूनच तर या खेपेला हरणं शक्य नव्हतं. चाहत्याचं तर्कशास्त्र असंच चालतं. तीनदा जिंकलो तर चौथ्यांदा जिंकणारच, सवय आहे. तीनदा हरलो तर चौथ्यांदा जिंकणारच, पाळी आहे.

दहाचा आकडा मी इतका दाबून लिहिला की मागच्या कागदावरही उमटला.

आमच्या ऑफिसात एक मिशिगनवाला आहे. मूळचा नागपूरचा, पण मिशिगनच्या अॅन आर्बरला एमएस केलेलं, त्यामुळं बाटलेला. तो शेजारी उभा राहून माझा तक्ता वाचत होता.

"भाऊ, दहा? एवढी खात्री?"

"तू किती दिलेस मिशिगनला?"

"दहाच देतो ना नेहमी. आपला नियम आहे. ते मैदानावर आले नाहीत तरी दहा."

मला त्याची दया आली. आंधळ्या भक्तीपुढं शास्त्र काय करणार? त्या दयेच्या भरातच मी एक वाढीव पैजही लावून बसलो: ज्याची टीम हरेल त्यानं सोमवारी दुसऱ्याच्या टीमचा शर्ट घालून ऑफिसला यायचं. "विचार कर," तो म्हणाला. माणूस शहाणा होता, पण मी ऐकणाऱ्यांतला नव्हतो.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगला आम्ही सहा मराठी कुटुंबं जमतो. टर्कीला तंदुरी मसाला लावतात, तरी ती टर्कीच लागते, म्हणून प्रत्येक जण आणखी एक भाजी आणतो. जेवणानंतर मी भाकितं वाचून दाखवली. कुणी विचारलेलं नव्हतं. एका काकांनी "यात सचिन कुठल्या टीममध्ये?" असं विचारून मला जागेवर आणायचा प्रयत्न केला. पण मी दहापैकी दहाचं गणित मांडत राहिलो आणि लोक आईस्क्रीम खात राहिले.

शुक्रवार उजाडला आणि माझी भाकितं खरी ठरायला लागली.

दुपारी मिनेसोटानं विस्कॉन्सिनला चोवीस-सात असं हरवून कुऱ्हाड नेली. एक गुण. मिसिसिपीच्या अंड्याच्या लढतीत ओल मिस जिंकली, कुणीही तंगडी वर न करता. पाच गुण. रात्री आयोवानं नेब्रास्काला तेरा-दहा असं शेवटच्या क्षणी मारलं. तीन. तोवर माझ्या बोलण्यात फरक पडला होता, असं बायकोचं म्हणणं. मी म्हणे "मला वाटतं" म्हणायचं सोडून "होणार" म्हणायला लागलो होतो.

राहिली जॉर्जिया विरुद्ध जॉर्जिया टेक. या वैराचं नावच 'स्वच्छ, जुन्या वळणाचा द्वेष' असं आहे, म्हणजे घरच्या तुपासारखा. मी नऊ गुण दिलेली जॉर्जिया मध्यंतराला शून्य-सतरा अशी मागं होती. मी टीव्हीसमोरून उठलो, देवापुढं दिवा लावला, तो कशासाठी हे बायकोला सांगितलं नाही. मग जॉर्जियानं बरोबरी गाठली आणि जादा खेळ सुरू झाला. पहिला, दुसरा. तिसऱ्यापासून नियम बदलतो, दोघांनी आळीपाळीनं दोन गुणांची एकेकच चाल करायची, ज्याची एकट्याची चुकेल तो गेला. चौथा. पाचवा. बायको झोपायला गेली. सहावा. सातवा. दिव्यातलं तेल संपलं. आठव्या जादा डावात जॉर्जिया चव्वेचाळीस-बेचाळीस अशी जिंकली आणि मी सोफ्यावर उभा राहून ओरडलो. जॉर्जिया राज्यात मी आयुष्यात एकदाच गेलो आहे, अटलांटाच्या विमानतळावर, चार तास.

चारपैकी चार. रात्रीच मी नागपूरकराला मेसेज केला: "अठरा." त्यानं अंगठा पाठवला.

शनिवारी सामना दुपारी बाराला, म्हणजे कोल्हापुरात रात्री साडेदहाला. तिथल्या दादाला मी आठवडाभर आधी बजावून ठेवलं होतं.

"दादा, जागा राहा. शनिवारी मिशिगनला गाडतोय."

"आरं पण ते हातानंच खेळत्यात की. त्याला फुटबॉल का म्हणायचं?"

"मधे मधे पायानंही मारतात."

"मधे मधे? मग मधे मधे फुटबॉल म्हणा."

घरी आठ माणसं जमली होती. आजोबाही आले, लाल टोपी, लाल स्वेटर, खिशात चिकटपट्टीची रीळ. मी २०१९पासूनचा शर्ट घातला होता. त्या वर्षी तो अंगात असताना आपण जिंकलो होतो, आणि तेव्हापासून तो धुतलेला नाही. मधल्या तीन पराभवांतही तोच अंगात होता, हे बायकोनं निदर्शनाला आणून दिलं. मी म्हटलं, अजून तीनदा घालून बघू, मग शास्त्रज्ञही प्रयोग बंद करतात.

पहिला अर्धा रखडत चालला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरात वरणाच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि त्याच क्षणी आपला टचडाऊन झाला. आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आजोबांकडं पाहिलं.

"ते काय वाजलं?" आजोबा म्हणाले.

"डाळ."

"परत लावा."

मध्यंतराला मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बायको म्हणाली, एवढ्या डाळीचं करायचं काय? मी म्हटलं, प्रश्न डाळीचा नाही. दुसरा अर्धा सुरू होताच कुकर चढवला. तीन शिट्ट्या झाल्या. काही नाही. आजोबा म्हणाले, आच जास्त होती का? आच कमी करून दुसरा लावला. तिसऱ्या शिट्टीच्या वेळी आपला चेंडूच हातातून गेला. मग वाटलं, मघाशी तुरीची होती, आता घाईत मुगाची पडलीय. परत तुरीची. एका मित्राचं मत पडलं की मघाशी झाकणाची रिंग जुनी होती, बायकोनं नंतर बदलली. कचऱ्यातून जुनी रिंग काढून धुऊन बसवली. त्या कुकरनं सगळ्या बाजूंनी वाफ सोडली, पण शिट्टी काही दिली नाही. दुसऱ्या अर्ध्यात ओहायो स्टेटला एकही गुण मिळाला नाही. सामन्यात आपल्या दोन किका हुकल्या त्या वेगळ्याच. ओट्यावर मात्र चार पातेली वरण तयार होतं.

दहा-दहा अशी बरोबरी. शेवटची मिनिटं. मिशिगन रेटत रेटत आपल्या गोलरेषेजवळ आली. मग त्यांचा किक मारणारा पोरगा पुढं झाला आणि एकवीस यार्डांवरून, शेजारच्या अंगणात चेंडू परत टाकावा इतक्या सहज, त्यानं तो दोन खांबांमधून पलीकडं घातला. पंचेचाळीस सेकंद उरले होते. तेरा-दहा. पंचेचाळीस सेकंद म्हणजे ऑबर्नच्या हिशेबानं पंचेचाळीस सामने, म्हणून मी या वेळी दह्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, जागचा हललो नाही. काहीही झालं नाही.

सामना संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी आपल्या मैदानाच्या मधोमध त्यांचा झेंडा रोवायला घेतला आणि दोन्ही संघांत अशी जुंपली की पोलिसांनी मिरपूड फवारली. तेवढं बघून मला जरा गावी गेल्यासारखं वाटलं.

फोन वाजला. दादा.

"काय झालं रं?"

"हरलो. शेवटच्या मिनिटाला."

"कशानं?"

"किक मारली त्यांनी."

"पायानं?"

"पायानं."

"मग बराबर हाय," दादा म्हणाला. "आता कुटं फुटबॉल वाटला." आणि झोपायला गेला.

इथून पुढं जे झालं ते माझ्या शत्रूवरही येऊ नये. माझी उरलेली सगळी भाकितं खरी ठरली. कोंबडा सतरा-चौदा जिंकला. अलाबामानं ऑबर्नला हरवलं. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११नंतर पहिल्यांदाच भिडले आणि टेक्सास सतरा-सात अशी जिंकली. फ्लोरिडा जिंकली. इंडियानानं पर्ड्यूला सहासष्ट-शून्य असं धुतलं, एका बादलीसाठी. दहापैकी नऊ. ज्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही, ज्या गावांत मी पाय ठेवलेला नाही, त्या सगळ्यांचं भविष्य मला तळहातावरच्या रेषेसारखं दिसत होतं. फक्त जिथं मी एकोणीस वर्षं राहतो, तिथलं तेवढं दिसलं नाही.

पंचेचाळीस गुण झाले. नागपूरकराचे तीन अंदाज चुकले, पण ते एक, दोन आणि तीन गुणांचे. त्याचे एकोणपन्नास. ज्या माणसानं अभ्यास केला नाही, हवामान बघितलं नाही, मैदानावर आले नाहीत तरी दहा म्हणाला, तो जग घेऊन गेला.

रविवारभर आम्ही वरण खाल्लं. सोमवारी सकाळी मी निळ्या कापडावर भला मोठा मक्याच्या पिवळ्या रंगाचा 'एम' असलेला तो शर्ट घालून, वरून कोटाची सगळी बटणं लावून, मागच्या दारानं निघालो. गॅरेजपाशी आजोबा पानं गोळा करत होते. कोटाचं एक बटण तुटकं होतं. त्यांना जेवढं दिसायचं तेवढं दिसलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून रीळ काढली, दातानं दोन तुकडे तोडले आणि माझ्या छातीवर नीट, कोपरे दाबून, फुली मारली. मग पुन्हा पानं गोळा करायला लागले.

त्या वर्षी ओहायो स्टेट पुढं राष्ट्रीय विजेती झाली, हे सांगायचं राहिलंच. २० जानेवारी २०२५, अटलांटा, नोत्र दामवर चौतीस-तेवीस. मी पेढे घेऊन आजोबांकडं गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "बरं झालं. पण त्या वरच्या टीमकडून हरलोच ना." देशात पहिला आलेल्या पोराच्या बापाला चुलतभावाच्या पोराला गणितात दोन मार्क जास्त पडल्याचं दुःख व्हावं, तसं.

२०२५च्या नोव्हेंबरात तक्ता पुन्हा आला. या वेळी मी आकडेवारी उघडलीही नाही. मला मागच्या वर्षीची चूक नेमकी समजली होती: माझ्या दहा गुणांचा भार त्या पोरांना पेलवला नव्हता. छातीवर दगड ठेवून मी लिहिलं, मिशिगन, दहा. पैज हरलो तर हरलो, पाच डॉलरमध्ये नजर उतरत असेल तर स्वस्तच. बायकोला सांगितलं नाही, आजोबांना तर नाहीच नाही. कुकरला त्या दिवशी सुट्टी दिली. बाहेरून इडल्या आणल्या.

अॅन आर्बरला ओहायो स्टेट सत्तावीस-नऊ अशी जिंकली. मी धुतलेल्या शर्टात नाचलो. आजोबांनी माझ्या बायकोला मिठी मारली.

सोमवारी ऑफिसात तक्ते उघडले. माझा नंबर तळाचा होता, ते ठरलेलंच होतं. जग पुन्हा नागपूरकराकडं गेला. मला कळेना, मिशिगनला दहा देणारा हा माणूस मिशिगन हरल्यावर पहिला कसा? त्याचा तक्ता ओढून बघितला. चौथ्या ओळीत, दाबून लिहिलेलं, मागच्या कागदावर उमटलेलं: ओहायो स्टेट, दहा.

तो जग मांडीवर घेऊन सुतकी चेहऱ्यानं बसला होता. सलग चार वर्षं जिंकल्यावर त्याला म्हणे भीती वाटायला लागली होती.

"म्हणजे तू नियम मोडलास?" मी विचारलं.

"भाऊ, तू किती दिले होते?"

मी सांगितलं. आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही.

"पुढच्या वर्षी काय लिहिणार?" तो म्हणाला.

"आधी तू सांग."

"नाही, आधी तू."